सापडलं की बसायचं

"बोंबलायचं नाय. सापडलं की बसायचं."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते सुकापूरच्या रिक्षा स्टँडवर, एका रविवारी सकाळी. बोलणाऱ्या बाई साठीच्या आसपासच्या होत्या. सलवार-कमीजवर मुलाचा जुना फुल शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट आणि केसांत अबोलीचा गजरा. डाव्या बुटाचा तळ पुढून सुटलेला होता. पाऊल टाकलं की तो फट् असा वाजायचा. दर मोहिमेआधी त्या तो चिकटवायच्या आणि दर मोहिमेत तो सुटायचा. गजऱ्याकडे कुणी जरा जास्त वेळ बघितलं की म्हणायच्या, "डोंगर काय रोज भेटतो?"

मी त्यांना "मॅडम" म्हणाले. त्यांनी लगेच हात वर केला. "मॅडम ऑफिसात. इथं मावशी."

मग त्या मावशीच राहिल्या. त्यांचं खरं नाव आमच्यातल्या निम्म्या लोकांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

खेळाचं नाव जिओकॅशिंग. मावशी त्याला "डबा-डबा" म्हणायच्या आणि तेच नाव आम्हा सगळ्यांच्या तोंडी बसलं. कुणीतरी एक डबा लपवायचा आणि ती जागा नकाशावर कुठे येते ते आकडे इंटरनेटवर टाकायचे. बाकीच्यांनी जीपीएस घेऊन तिथे जायचं. पण यंत्र जागेपर्यंत नेतं, डब्यापर्यंत नाही. पुढे दगडाखाली, झाडाच्या ढोलीत, पुलाच्या कठड्याला, आपलं आपण शोधायचं. डब्यात छोटी वही असते. तिच्यात नाव लिहायचं, डबा होता तसा ठेवायचा आणि घरी यायचं. माझ्या आईला हे कधीच पटलं नाही. "एवढं उन्हातान्हात चालून फक्त नाव लिहून येता?" ती विचारायची. 

तर बसण्याचा नियम. एकाला डबा दिसला आणि तो ओरडला की बाकीच्यांचा खेळ संपला. म्हणून ज्याला दिसेल त्याने हात लावायचा नाही, चेहरा कोरा ठेवायचा, लांब जाऊन बसायचं आणि पाणी प्यायचं. दुसऱ्याला दिसला की त्याने येऊन पहिल्याच्या कानात जागा सांगायची. पहिला म्हणणार, "बरोबर. बस." असं करत सगळे बसले की शेवटच्याने डबा काढायचा. ज्याने तो लपवला असेल त्याने पूर्ण वेळ सगळ्यांकडे पाठ करून बसायचं, कारण लपवणाऱ्याच्या चेहऱ्यावरून सगळं कळतं.

इंग्रजी शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी एकच शेरा असायचा, त्याचा अर्थ असा की मुलगी हुशार आहे पण बोलत नाही. कॉलेजात तेच, पुढे बेलापूरच्या ऑफिसात तेच. ज्यात न बोलणाऱ्या माणसाला फायदा होतो असा एखादा खेळ असतो, हे मला त्या रिक्षा स्टँडवर कळलं. मी लगेच नाव नोंदवलं. म्हणजे, मान हलवली.

मावशी मूळच्या मोऱ्याच्या. उरणच्या पलीकडे जिथून मुंबईच्या लाँच सुटतात, ते मोरा. वडील आणि भाऊ समुद्रात मासेमारीला जायचे. या शिकल्या, बंदराच्या ऑफिसात लागल्या आणि न्यू पनवेलला फ्लॅट घेऊन राहिल्या. त्यांच्या बोलण्यात दोन मजले होते. वरच्या मजल्यावर ऑफिसची स्वच्छ मराठी. खूश झाल्या किंवा चिडल्या की त्या धाडकन खाली यायच्या आणि सगळं नाय-हाय सुरू व्हायचं.

त्यांना या खेळाचा नाद लावला तो जहाजावरच्या एका परदेशी अधिकाऱ्याने. तो हातातलं यंत्र दाखवून ऑफिसात विचारत होता की ही टेकडी कुठे आहे. मावशींना वाटलं, हा नक्की काहीतरी स्मगलिंगचं शोधतोय. म्हणून त्याच्यावर नजर ठेवायला त्या स्वतः त्याच्याबरोबर गेल्या. दगडांच्या फटीतून प्लास्टिकचा डबा निघाला, त्यात वही, पेन्सिल आणि एक किचेन. "मी त्याला विचारलं, माल कुठाय? तो बिचारा मला पेन्सिल दाखवतोय!" ही गोष्ट त्या प्रत्येक नव्या माणसाला सांगायच्या आणि "पेन्सिल"वर येऊन स्वतःच आधी हसायच्या.

मोहीम आखणं त्यांच्याकडे होतं. आदल्या आठवड्यात त्या एकट्या जाऊन वाट बघून यायच्या. पाणी कुठे आहे, सावली कुठे आहे, परतीची शेवटची सहा आसनी रिक्षा कधी सुटते, सगळं तोंडपाठ. चॅलेंजही त्याच ठरवायच्या. एका महिन्यात पाच डबे. फोन खिशात ठेवून फक्त खुणांवरून डबा. आणि एकदा तर, ज्याच्याशी आजवर एक शब्द बोलला नाहीत त्याच्याबरोबर जोडी. हे ऐकून मी घरी जायच्या विचारात होते. त्यांनी माझा दंड धरला. "तू माझ्याबरोबर. तू कुठं माझ्याशी बोललीयस अजून?"

त्या दिवसापासून चालताना माझी जागा त्यांच्या पुढे. "तुझ्या पाठीवर ती पिवळी बॅग आहे ना, ती बरी दिसते मला," त्या म्हणाल्या. मला वाटलं, बॅग आवडली.

त्यांची आणखी एक सवय मला फार आवडायची. बोलताना त्या तुमच्या डोळ्यांत बघत नसत. तुमच्या कानाकडे बघत. तुम्हाला कदाचित हे विचित्र वाटेल, पण माझ्यासारखीला समोरच्याची थेट नजर ही उन्हासारखी असते. कधी बाजूला होतेय असं होतं. मावशींसमोर मला तसं झालं नाही. मला वाटायचं, या बाईंनी मला ओळखलंय आणि न सांगता जरा बाजूला बघतायत. मी त्यांच्याशी आपणहून बोलू लागले, ते याच भरवशावर.

आमच्यात खारघरचा एक सॉफ्टवेअरवाला होता. कुठल्याही वादात तो म्हणायचा, "डेटा काय सांगतो?" म्हणून त्याचं नाव पडलं डेटासाहेब. माणूस चांगला. पाण्याची जास्तीची बाटली कायम त्याच्याकडे. पण त्याला प्रत्येक गोष्टीत वेळ वाचवायचा असायचा. मावशींचा शिरस्ता असा की डोंगरावर जायच्या आधी पायथ्याच्या गावात थांबायचं, दोन माणसांना सांगायचं की आम्ही कोण, कशाला आलो. त्यात चहा व्हायचा, चौकशा व्हायच्या. डेटासाहेबाच्या हिशेबात हा अर्धा तास वाया. कोन गावामागच्या टेकडीला त्याने आग्रह धरला आणि आम्ही गावात न थांबता थेट वर गेलो.

वर आम्ही सगळे गुडघ्यांवर. कुणी दगड उचलतंय, कुणी काठीने भोक तपासतंय, कुणी यंत्र हातात धरून गोल फिरतंय. तेवढ्यात खालून पाच-सहा जण चढून आले. पुढच्याच्या हातात कोयता होता.

"काय खणताय इथं? गुप्तधन काढायला आलाय काय?"

डेटासाहेब उभा राहिला आणि त्याने अक्षांश-रेखांशांपासून सुरुवात केली. उपग्रहांपर्यंत पोचला तेव्हा कोयतेवाल्याचा चेहरा आणखी कठीण झाला. अमावस्या दोन दिवसांवर आहे हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हतं. त्यांच्या होतं.

मावशी दगडावर बसूनच म्हणाल्या, "हाय ना धन. ये, तू पन शोध. गावलं तर अर्धं तुजं."

तो गोंधळला. मग खरंच शोधायला लागला. त्याच्यामागे त्याचे सोबती. त्या टेकडीचा प्रत्येक दगड त्यांनी लहानपणापासून बघितलेला, कुठला हललाय ते त्यांना लगेच कळलं. डबा निघाला. आत वही, बोथट पेन्सिल आणि प्लास्टिकचा डायनासोर.

"ह्याच्यासाठी रविवार घालवता?"

"तू क्रिकेटपायी घालवतोस तेवा मी विचाराला आले काय?"

टेकडी हसली. त्याने वहीत नाव लिहिलं, डायनासोर खिशात घातला, आणि उतरताना त्याच्या आईने आम्हाला काकड्या दिल्या. डेटासाहेबाने काकडी खाताना कबूल केलं की गावात थांबणं वेळेच्या हिशेबातही स्वस्त पडलं असतं.

आता धरणाची गोष्ट. नेरे गावाच्या पुढे जे धरण आहे, तिथली मोहीम. डबा आमच्यातल्याच एका जोडप्याने लपवला होता आणि ते दोघं पाण्याकडे तोंड करून बसले होते. शोध सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, मावशी शांतपणे जाऊन आंब्याखाली बसल्या. नेहमीसारख्या. त्या वर्षी बहुतेक वेळा त्याच आधी बसायच्या. "बाईंची नजर म्हणजे घारीची," असं सगळे म्हणायचे.

मला कठड्याच्या भेगेत एक छोटी पांढरी डबी दिसली. नियमाप्रमाणे हात न लावता मी चेहरा कोरा केला, आंब्याखाली गेले आणि मावशींच्या कानात म्हणाले, "कठड्याच्या भेगेत."

"बरोबर. बस," मावशी म्हणाल्या.

मी बसले. पुढे डेटासाहेब आला. तो वाकला, त्यांच्या कानात काही बोलला. मावशींचा हात गजऱ्याकडे गेला. मग म्हणाल्या, "बरोबर. बस."

सगळे बसल्यावर शेवटचा भिडू उठला आणि डबा काढायला निघाला. तो कठड्याकडे गेलाच नाही. आम्ही बसलो होतो त्याच आंब्याच्या मुळांतून त्याने डबा ओढून काढला. मी कठड्यातली डबी दाखवली, ती मग कुणीतरी उघडली. तिच्यात वाळलेला चुना होता. कुणा तंबाखूवाल्याने कठड्यावर बसून मळली असणार आणि डबी तिथेच खोचून ठेवली असणार.

हसून हसून लोक आडवे झाले. मीही हसले. फक्त डेटासाहेब म्हणाला, "पण मावशी, तुम्ही दोघांनाही बरोबर म्हणालात. डेटा जुळत नाही."

"अरे, हिची गंमत केली," मावशी म्हणाल्या. "म्हटलं, पोर दमलीय, बसू दे."

सगळ्यांना पटलं. मला नाही. ओळख झाल्यापासून मावशींनी चारचौघांत माझी गंमत कधीच केली नव्हती. इतरांची करायच्या, अगदी सालटी काढायच्या. माझी नाही. परतीच्या वाटेवर मी पुढे, त्या मागे, त्यांचा बूट फट् फट् वाजतोय आणि माझ्या डोक्यात एकेक गोष्ट शेजारी शेजारी येऊन बसतेय. पिवळी बॅग. यंत्रावरचे आकडे त्या कायम दुसऱ्याला वाचायला लावायच्या, "मोठ्यानं वाच, सगळ्यांना कळू दे" म्हणून. कानाकडे बघणं. आणि सगळ्यांच्या आधी जाऊन बसणं. आधी बसलं की पुढचा आपणहून येऊन कानात जागा सांगतो. त्यानंतरच्यांना तपासायला तेवढं पुरतं. फक्त पहिला येणारा चुकायला नको.

त्या आठवड्यात डेटासाहेबाने ग्रुपवर नवा नियम टाकला. पहिल्या बसणाऱ्याने बसण्याआधी डब्याचा फोटो काढायचा. "नथिंग पर्सनल. प्रोसेस," असं खाली लिहिलं होतं. बऱ्याच जणांनी अंगठे दिले. मावशींनीही दिला. मोसमातली शेवटची मोहीम पुढच्याच महिन्यात होती, आणि तो डबा लपवायची पाळी माझी होती.

मी त्यांच्या घरी गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. ठरवून मला बोलता येत नाही. मावशी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या होत्या, समोर कोळंबीचा ढीग. टीव्हीवरच्या बातम्या ऐकत, खिडकीबाहेर तोंड करून त्या कोळंबी सोलत होत्या. डोकं, साल, पाठीवरचा काळा धागा, तीन हालचालींत एक कोळंबी वाटीत. हाताकडे एकदाही बघितलं नाही.

मी दारातच उभी राहिले.

"विचार की," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"वर्षं दीड झालं." हात चालूच. "डोळ्याचा पडदा खराब झालाय. समोर बघितलं का मधोमध धूर. कडेचं सगळं ठीक. वाट दिसते, झाड दिसतं, माणूस येताना दिसतो. माणसाचं तोंड नाय दिसत. तुझ्या कानाकडे बघितलं ना, की तोंड थोडं येतं कडेला."

म्हणजे ज्याला मी इतके दिवस त्यांचा समजूतदारपणा मानला होता, तो त्यांचा मला बघायचा प्रयत्न होता. मला वाईट वाटायला हवं होतं का? मला उलट बरं वाटलं. त्या बाजूला बघत नव्हत्या. बघत होत्या.

"डॉक्टर?"

"इंजेक्शनं चालू आहेत. आहे ते राहील म्हणतात. राहील तेवढं राहील."

"मग सांगून टाका ना सगळ्यांना. कुणी काही म्हणणार नाही."

मावशींनी पहिल्यांदा हात थांबवले.

"म्हणणार नाय गो. हात धरतील. चांगली माणसं हायत सगळी, दोन्ही बाजूंनी धरतील. खड्डा आला मावशी, दगड आला मावशी. मग मी चालणार नाय, मला नेतील. आनि पोरगा तर काय, त्याला कळलं तर डोंगर बंदच. फक्त देवळापर्यंत सोडेल." पुन्हा कोळंबी. "आनि एक सांगते. मी खोटं नाय बोलले. मी कधी म्हटलं सापडलं म्हणून? मी फक्त बसले."

"'बरोबर' म्हणालात."

"तेवढं खोटं," त्यांनी मान्य केलं आणि हसल्या. मग एकदम शांत आवाजात म्हणाल्या, "शेवटच्या मोहिमेला मी काय करू, सांग. फोटो कशाचा काढू?"

मी त्यांचे हात बघत होते.

पुढच्या शनिवारी मी उरणच्या बाजारात गेले आणि एका दुकानात जुना काथ्याचा दोर मागितला. "नवीन घ्या ना ताई, जुना कशाला?" दुकानदार म्हणाला. मला पाणी लागलेला, काळपट, बोटीवर वापरलेलाच हवा होता. त्याने मागून एक काढून दिला, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी पिशवी न घेताच निघाले.

धरणाच्या अलीकडे, वाटेपासून जरा आत, एक मोठा वड आहे. पारंब्या इतक्या की आत शिरलं की भर दुपारी सावळा उजेड. शेजारच्या घरातल्या आजींना मी सांगितलं की मी कोण आणि इथे काय करायचंय. मावशींचा शिरस्ता. अनोळखी माणसाशी स्वतः होऊन बोलायची ती माझी पहिलीच वेळ असावी. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लगीन झालं काय?" मी नाही म्हणाले. "मग बांध, चांगला नवरा मिळंल," त्या म्हणाल्या.

मी दोर फांदीवरून टाकला आणि पारंब्यांत सोडून दिला. त्याच्या वरच्या टोकाला बांधलेली डबी बेचक्यात, पानांआड. दोर ओढला की ती सरकत खाली यायची. खाली उभं राहून मी स्वतः बघितलं. शेकडो तपकिरी, केसाळ, लोंबत्या दोऱ्या. त्यातली माझी कुठली, ते मला सांगता येईना. खूण म्हणून मी एवढंच लिहिलं, "हाताला समजेल."

मोहिमेच्या दिवशी मावशींचा बूट चिकटवलेला होता आणि गजरा नेहमीपेक्षा मोठा होता. वाटेत त्या माझ्या मागून चालल्या. वडाजवळ पोचताना बूट सुटला. फट्.

मी लपवणारी, म्हणून मी पाठ करून बसले. पुढचं मी बघितलेलं नाही. ऐकलेलं आहे.

वाळक्या पानांवर दहा-बारा जणांची पावलं. डेटासाहेबाच्या टॉर्चचा खटका. "'हाताला समजेल' म्हणजे काय? टचस्क्रीन आहे का?" हशा. कुणीतरी ढोलीत काठी घातली. कुणीतरी बुंध्याभोवती चक्कर मारली. बराच वेळ गेला. कुणीच बसेना. "इथे नाहीच आहे," एकजण म्हणाला. "यंत्र चुकतंय," दुसरा म्हणाला. मावशींचं पाऊल मात्र ऐकू येईना. त्या उभ्याच असाव्यात, बाजूला. मला वाटलं, माझं चुकलं. मी त्यांना सगळ्यांच्या समोर आणून उभं केलं आणि बसायची सोयसुद्धा ठेवली नाही.

मग फट्. आणखी एक फट्. पारंब्यांची सळसळ सुरू झाली, पण इतरांसारखी नाही. इतर पारंब्या बाजूला सारत होते. ही सळसळ एकामागून एक येत होती. एक पारंबी, थांबणं. पुढची, थांबणं. जाळं वाळत घालताना कुठे फाटलंय ते बघत बायका पुढे सरकतात, तशी चाल.

सळसळ थांबली.

वर फांदी करकरली.

"गावला! गावला रं! आरं बघा, गावला!"

वडावरचे सगळे पक्षी उडाले. पाठ करायचा नियम मोडून मी वळले. मावशींच्या एका हातात दोर, दुसऱ्या हातात डबी, गजरा एका कानावर आलेला, आणि त्या आवाज कमी करायचं नाव घेत नव्हत्या. धरणाच्या भिंतीवरचा माणूस थांबून इकडे बघत होता.

"मावशी!" डेटासाहेब म्हणाला. "ओरडायचं नाही ना? बसायचं असतं!"

"तू बस," मावशी म्हणाल्या. "मी उभी हाय."

जेवताना त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं. धूर, कडेचं दिसणं, आधी बसण्याची युक्ती, सगळं. आदल्या दिवशीचा पाऊस सांगावा तसं. "पारंबीला कधी पीळ असतो काय रं? दोराला असतो. लहानपणापासून तेच हातात," एवढंच डबीबद्दल म्हणाल्या. मी डबा का तसा लपवला, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि मला विचारलं नाही.

डेटासाहेब बराच वेळ पोळीचा तुकडा हातात धरून बसला होता. "म्हणजे त्या दिवशी धरणावर, मी आणि ही, दोघांनाही..."

"दोघंही चुकला असतात तरी 'बरोबर'च म्हटलं असतं," मावशी म्हणाल्या, आणि पहिला तोच हसला.

उतरताना एका घसरड्या जागी त्याने मावशींकडे हात पुढे केला. मग तो हात त्याने खिशात घातला. जरा पुढे येऊन मला म्हणाला, "तुझी बॅग दे." ती पिवळी बॅग पाठीवर लावून तो पूर्ण वाट त्यांच्या पुढे चालला. मागे वळून एकदाही बघितलं नाही. फोटोचा नियम त्याच संध्याकाळी ग्रुपवरून गेला.

त्यानंतर मावशी आणखी एक मोसम आमच्याबरोबर होत्या. आखणी त्यांचीच, चॅलेंजही त्यांचीच, फक्त आता चारातला एक डबा हाताने शोधायचा असायचा आणि त्यात त्या कुणाला पुढे जाऊ देत नसत. मग नजर आणखी कमी झाली आणि त्या मोऱ्याला भावाकडे राहायला गेल्या. "न्यू पनवेलला दर महिन्याला नवा खड्डा," त्या म्हणाल्या. "मोऱ्याला पायाला सगळं ठाऊक आहे." मोहिमा आता डेटासाहेब आखतो, एक्सेलमध्ये. पण पायथ्याच्या गावात गाडी थांबवल्याशिवाय तो वर जात नाही, आणि चहा दोनदा घेतो.

परवा ऑफिसच्या कामाने उरणला गेले होते, तशी पुढे मोऱ्याला गेले. भावाच्या घरी कळलं, त्या धक्क्यावर आहेत. लाँच नुकतीच लागली होती. टोपल्या, पिशव्या, माणसं उतरत होती. मावशी कडेच्या बाकावर बसल्या होत्या, गर्दीच्या जरा बाजूला. अबोलीचा गजरा होता. बूट नवे होते.

हाक मारावी असं मनात आलं. मारली नाही. पिवळी बॅगही त्या दिवशी माझ्याकडे नव्हती. मी गर्दीतून वाट काढत गेले, काही न बोलता त्यांच्या शेजारी बसले आणि बाटली काढून पाणी प्यायले.

मावशींनी मान किंचित वळवली. माझ्या कानाकडे बघितलं.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "बस."